क्रेडिट कार्डचे बिल उशिरा भरले, व्याज वाढले. आता काय करावे?

मध्यंतरी आमच्या वस्तीतला एक तरुण रात्री घरी आला. कंत्राटी नोकरी, घरातला पहिलाच पगारदार. "जयभीम काका, हे जरा बघा ना," म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. आईसाठी त्याने कार्डवर ४०,००० रुपयांचा फ्रिज घेतला होता. कंत्राटदाराने पगार लांबवला आणि बिल सहा दिवस उशिरा भरले गेले. पण भरले पूर्ण. तरीही पुढच्या बिलात चार हजारांच्या वर रक्कम लागून आली होती. सोबत एक संदेशही होता: पुढच्या महिन्यापासून आपला व्याजदर ३.६ ऐवजी ३.७५ टक्के.

तो चिडून म्हणाला, "सगळे पैसे भरले, मग हे कशाचे? मी आता एक रुपया भरणार नाही."

राग समजण्यासारखा होता, पण हाच निर्णय त्याला सर्वात महागात पडला असता. आपल्याकडे अनेक घरांत कार्ड पहिल्यांदाच आले आहे आणि त्याचे नियम समजावून सांगणारे घरात कोणी नसते. म्हणून हा हिशेब सविस्तर मांडत आहे.

चार हजार आले कुठून?

क्रेडिट कार्डवर ४५-५० दिवस व्याज लागत नाही, असे आपण ऐकलेले असते. ते अर्धे खरे आहे. ही सवलत पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्यालाच मिळते. मुदत चुकली की व्याज मुदतीच्या दिवसापासून नव्हे, तर वस्तू घेतल्याच्या दिवसापासून मोजले जाते.

त्याने फ्रिज १५ जूनला घेतला. बिल १० जुलैला निघाले. भरण्याची शेवटची तारीख ३० जुलै होती आणि पैसे भरले ५ ऑगस्टला. त्याच्या मते उशीर ६ दिवसांचा, पण बँकेने व्याज लावले ५१ दिवसांचे. महिन्याला ३.६ टक्के म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. ४०,००० रुपयांवर ५१ दिवसांचे व्याज होते सुमारे २,४१४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ४३५ रुपये. उशिराचा दंड १,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी १८० रुपये. एकूण ४,०२९ रुपये. सहा दिवसांच्या उशिरासाठी फ्रिजच्या किमतीचा दहावा हिस्सा गेला.

हे व्याज पैसे भरल्यानंतरच्या बिलात येते, म्हणून लोकांना ती बँकेची चूक वाटते. ते दुर्लक्ष करतात आणि दुसऱ्यांदा थकबाकीदार ठरतात. शिवाय मागची बाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

किमान रक्कम भरली तर?

बिलावर एकूण रकमेशेजारी किमान रक्कम छापलेली असते, बहुधा बाकीच्या ५ टक्के किंवा त्याच्या आसपास. ती वेळेत भरली तर उशिराचा दंड लागत नाही आणि खाते थकीत म्हणून कळवले जात नाही. व्याज मात्र सुरूच राहते.

समजा ४०,००० रुपये बाकी आहेत आणि तुम्ही २,००० रुपये भरले. महिन्याचे व्याज १,४४० रुपये, जीएसटी २५९ रुपये. म्हणजे १,६९९ रुपये व्याजात आणि करात गेले. मुद्दल फिटले जेमतेम ३०१ रुपये. किमान रक्कम ही अडचणीच्या महिन्यापुरती आहे, ती सवय झाली की कर्ज वर्षानुवर्षे हलत नाही. बँकेला हा इशारा बिलावर छापणे बंधनकारक आहे, आपण तो वाचत नाही.

दर वाढवण्याचा बँकेला अधिकार आहे का?

आधी एक गोष्ट तपासा. बऱ्याच वेळा दर वाढलेलाच नसतो, फक्त बिनव्याजी सवलत गेलेली असते. मागचे आणि आताचे बिल शेजारी ठेवा आणि महिन्याचा दर जुळवून पाहा.

दर खरोखर वाढला असेल तर रिझर्व्ह बँकेचे नियम लक्षात घ्या. २०२२ मध्ये तिने कार्डांसाठी सविस्तर नियमावली काढली. पैसे भरण्याच्या इतिहासानुसार वेगळा दर लावता येतो, पण त्यात पारदर्शकता हवी आणि कोणत्या ग्राहकांना कोणता दर हे बँकेने जाहीर केले पाहिजे. शुल्कात बदल करायचा तर किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते आणि तो बदल पुढच्या काळासाठीच लागू होतो. बदल मान्य नसेल तर बाकी फेडून कार्ड परत करता येते, त्यासाठी वेगळे शुल्क आकारता येत नाही.

आणखी तीन नियम उपयोगी आहेत. उशिराचा दंड मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लावता येतो. तो भरायच्या राहिलेल्या रकमेवरच ठरतो, संपूर्ण बिलावर नाही. आणि न भरलेले दंड, शुल्क व कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. मात्र तीन दिवसांची ही सूट दंडापुरती आहे. नेहमीच्या व्याजासाठी ती धरून चालू नका.

"इतके व्याज बेकायदेशीर नाही का?" हा प्रश्न सगळेच विचारतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. पण सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यामुळे केवळ "व्याज फार आहे" एवढ्या मुद्द्यावर तक्रार टिकणे कठीण. सूचना दिली नाही, हिशेब चुकला, दंड नियमाबाहेर लावला, हे मुद्दे टिकतात.

आता काय करायचे?

१. वाद असला तरी निदान किमान रक्कम वेळेत भरा. रागाने पैसे रोखले तर दंड आणि व्याज वाढत जाते आणि नुकसान आपलेच होते.

२. जमेल तितकी जास्त बाकी फेडा आणि कार्ड वापरणे थांबवा. बिनव्याजी सवलत पुन्हा कधीपासून सुरू होईल, हे बँकेला विचारून घ्या.

३. ग्राहक सेवेला फोन करून उशिराचा दंड माफ करण्याची विनंती करा. पहिलीच चूक असेल आणि आधीची बिले वेळेत भरली असतील, तर बँका अनेकदा दंड परत करतात. हा हक्क नाही, विनंती आहे. म्हणून सौम्यपणे बोला आणि तक्रार क्रमांक टिपून ठेवा.

४. दरवाढीबद्दल लेखी विचारा. ईमेलमध्ये चारच प्रश्न पुरेत: माझा आधीचा दर किती होता, आताचा किती, वाढ कोणत्या कारणाने झाली आणि सूचना कोणत्या तारखेला पाठवली? पुढचे काही महिने वेळेत भरल्यास जुना दर मिळेल का, हेही विचारा.

५. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर करता येते, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणे मात्र आवश्यक आहे.

एकदम फेडणे शक्यच नसेल तर?

बाकीचे मासिक हप्ते करून द्या, अशी मागणी बँकेकडे करा. हप्त्यांचा दर सहसा कार्डच्या दरापेक्षा बराच कमी असतो. प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी धरून एकूण किती भरावे लागेल, हे आधी विचारा. पतसंस्थेचे किंवा नोकरीच्या ठिकाणच्या सोसायटीचे कर्ज कमी दराने मिळत असेल तर तोही मार्ग आहे.

दोन गोष्टी टाळा. एका कार्डचे बिल भरण्यासाठी दुसऱ्या कार्डवरून रोख काढू नका. रोख रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते, वर काढण्याचे शुल्क वेगळे. आणि "थोडे भरा, प्रकरण मिटवू" या तडजोडीला घाईने हो म्हणू नका. तशी नोंद पत अहवालात राहते आणि पुढे घरकर्ज किंवा मुलांचे शैक्षणिक कर्ज घेताना आडवी येते.

वसुलीचे फोन आले तर घाबरू नका. एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बदनामी, नातेवाइकांना त्रास या गोष्टींना रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. असे झाले तर तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. कर्ज बाकी असणे हा गुन्हा नाही.

शेवटी पत अहवाल मागवून पाहा. देशातल्या चारही पत माहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. चुकीची नोंद दिसली तर दुरुस्तीची मागणी करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

त्या तरुणाचे काय झाले?

त्याने दुसऱ्या दिवशी बँकेला फोन केला. दंडाचे १,००० रुपये आणि त्यावरचा कर परत मिळाला. व्याज परत मिळाले नाही, ते त्याने भरले. दराबद्दल ईमेल पाठवला आहे, उत्तर अजून यायचे आहे. बिलाची तारीखही त्याने बदलून घेतली. निदान एकदा ती सोय देणे बँकेला बंधनकारक आहे. आता शेवटची तारीख १२ च्या आसपास येते, पगार पाच दिवस लांबला तरी चुकत नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या वहीवर अंगठा उठवला. वहीत काय लिहिले आहे, हे विचारण्याची त्यांना सोय नव्हती. आपल्याला बिल वाचता येते, हिशेब मागता येतो, तक्रार करता येते. पुढचे बिल आले की शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि घरात कोणाला पहिले कार्ड मिळाले असेल तर त्याच्या शेजारी बसून वाचा.