पाठीवरील टाकीचे पट्टे
झोतभट्टीच्या वायूत सुमारे पाव हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास ना रंग, ना वास. भिलाईच्या पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ रोजी या वायूने सहा जणांचा बळी घेतला. अशा ठिकाणी शिरणारा मनुष्य पाणबुड्याप्रमाणेच हवेची टाकी पाठीवर वाहतो. तिचा पट्टा तुटल्यास टाकी कलंडते, नळी ताणली जाते आणि मुखवटा निसटू शकतो.

नायलॉनचा पट्टा उन्हाने व आम्लाने निर्बल होतो. रंग उडणे, ताठरपणा येणे, कडांचे धागे सुटणे ही त्याची लक्षणे होत. जुना पट्टा काढण्यापूर्वी तो बकलातून कसा ओवला आहे, याची आकृती काढून ठेवावी. नवा पट्टा त्याच रुंदीचा व निर्मात्याने संमत केलेलाच असावा. शिवणीस सुती दोरा कदापि वापरू नये. दमट हवेत तो पट्ट्याआधी कुजतो. मग भरलेली टाकी चढवून ओणवे व्हावे. पट्टा बकलातून तसूभरही सरकता कामा नये.