तोळाभर शिसे

शिकारीच्या गोळीवर बोलण्याची ही जागा नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकारीचा शौक बंद केला आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या देशात शिकार कायदेशीर आहे, तेथील जाणत्या शिकाऱ्याला गोळी निवडताना जो विचार करावा लागतो, तो आपणही समजून घेण्याजोगा आहे. पदार्थविज्ञान, कायदा आणि नीती ही तिन्ही त्या एवढ्याशा धातूच्या तुकड्यात एकत्र आलेली दिसतात.

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो या राज्यांत एल्क नावाचे मोठे हरिण राहते. अमेरिकेतील मूळच्या शॉनी लोकांच्या भाषेतील त्याचे नाव वापिती, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचे. आपल्या सांबराचाच हा भाऊबंद, पण अंगाने अधिक थोराड. पूर्ण वाढीचा नर तीनशे किलोंच्याही वर भरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार कत्तलीमुळे हा प्राणी बहुतेक प्रदेशांतून नाहीसा झाला होता. पुढे परवाना, ठरावीक हंगाम आणि ठरावीक संख्या असे निर्बंध आले. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राखून ठेवले. आज एल्कची संख्या दहा लाखांच्या आसपास सांगतात.

आता गोळीकडे वळू. एल्कसाठी पिढ्यान् पिढ्या वापरात असलेले एक काडतूस 'थर्टी-ऑट-सिक्स' या नावाने ओळखले जाते. १९०६ साली ते अमेरिकन लष्कराने स्वीकारले, म्हणून नावात सहाचा आकडा. त्यात बहुधा १८० ग्रेन वजनाची गोळी घालतात. १८० ग्रेन म्हणजे किती? आपल्या सराफाच्या जुन्या मापाचा बरोबर एक तोळा! हा तोळाभर ऐवज नळीतून सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगाने सुटतो.

गोळीची शक्ती वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. याची दुसरी बाजू अशी की, हवेच्या अडथळ्याने वेग एक पंचमांश घटला, तर शक्ती एक तृतीयांशाहूनही अधिक घटते. म्हणून शंभर यार्डांवर उत्तम काम देणारी गोळी चारशे यार्डांवर तशीच वागेल, असे धरून चालता येत नाही.

पण नुसती शक्ती असून भागत नाही. ती कोठे आणि कशी खर्च होते, हा खरा प्रश्न आहे. एल्कचे हृदय आणि फुप्फुसे खांद्यामागे, छातीच्या खालच्या भागात असतात. तेथवर पोचण्यासाठी गोळीला जाड कातडे, स्नायू, बरगडी आणि प्रसंगी खांद्याचे हाड भेदावे लागते. गोळी फार कठीण असेल, तर पोत्यातून दाभण जावे तशी ती आरपार निघून जाते. भोक बारीक पडते आणि जनावर जखमी होऊन कोसच्या कोस दूर जाते. गोळी फार मऊ असेल, तर भिंतीवर आपटलेल्या ओल्या मातीच्या गोळ्यासारखी ती वरच्यावर फुटते आणि आत पोचतच नाही. दोन्हींचा परिणाम एकच: झाडीत कोठे तरी तळमळत पडलेले जनावर, जे शिकाऱ्यालाही सापडत नाही. योग्य गोळी आत शिरल्यावर अळंबीसारखी उमलते, रुंद जखम करते आणि तरीही आपले बरेचसे वजन राखून खोलवर जाते.

उमलणे आणि टिकणे या परस्परविरोधी गुणांचा मेळ घालणे सोपे नव्हते. १९४६ साली जॉन नॉस्लर हा शिकारी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मूस या एल्कहूनही प्रचंड प्राण्यामागे गेला असता, त्याच्या वेगवान गोळ्या खांद्यापाशीच फुटून गेल्या. घरी परतून त्याने तांब्याच्या आवरणात मधोमध आडवी भिंत असलेली गोळी तयार केली. भिंतीच्या पुढचे शिसे उमलते, मागचे शाबूत राहते. अशा गोळीचे सुमारे दोनतृतीयांश वजन शेवटपर्यंत टिकते. पुढे शिसे आवरणाला वितळवून जोडलेल्या गोळ्या आल्या आणि त्यानंतर शिसे अजिबात नसलेल्या, निखळ तांब्याच्या गोळ्याही आल्या. या तांब्याच्या गोळीचे नाक पोकळ असते. ते पाकळ्यांसारखे उलगडते आणि वजन जवळजवळ सगळे राहते.

येथे कायद्याची एक गंमत पाहण्यासारखी आहे. फुलणारी गोळी लष्करासाठी बनली, ती आपल्याच देशात, कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तिने होणाऱ्या भयंकर जखमा पाहून १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्या निषिद्ध ठरवल्या. उलट कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीला फुलणारीच गोळी हवी, तीही किमान ८५ ग्रेनची, असा नियम आहे. हा विरोध वरवरचा आहे. युद्धात शत्रूला लढण्यास असमर्थ केले की पुरे. त्याहून अधिक यातना देणे हे क्रौर्य. शिकारीत मात्र जनावराला नुसते जखमी करून सोडणे हेच क्रौर्य. दोन्ही नियमांमागचे तत्त्व एकच आहे: विनाकारण यातना नकोत.

या तत्त्वाची कक्षा अलीकडे आणखी रुंदावली आहे. शिशाची गोळी फुटते, तेव्हा तिचे अतिसूक्ष्म कण मांसात लांबवर विखुरतात. शिकारी जनावर तेथेच साफ करून आतडी टाकून जातो आणि ती गिधाडे खातात. कॅलिफोर्नियातील काँडॉर हे महाकाय गिधाड १९८२ साली अवघे बावीस उरले होते. सगळे पकडून, पिंजऱ्यात वाढवून १९९२ पासून पुन्हा मोकळे सोडण्यात आले. पण मोकळ्या काँडॉरांचा मोठा काळ म्हणजे शिशाची विषबाधा. त्यामुळे कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. माणसेही यातून सुटलेली नाहीत. २००८ साली नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण आढळले आणि ते वाटप थांबवावे लागले. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने आपली गिधाडे कशी संपत आली आणि २००६ साली त्या औषधावर बंदी कशी घालावी लागली, हे आठवले म्हणजे काँडॉरची कथा परकी वाटणार नाही.

मग शिकाऱ्याने निवड कशी करावी? तांबे शिशाहून हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. त्यामुळे थोडी कमी वजनाची घ्यावी. तांबे उमलण्यास वेग अधिक लागतो, म्हणून फार दुरून बार टाकू नये. आपल्या रायफलीतून ती गोळी आधी निशाणावर झाडून पाहावी. आणि नेमाची खात्री नसेल, तर चाप ओढूच नये. कारण चांगल्यातली चांगली गोळीही चुकलेला नेम सुधारू शकत नाही.

आपल्यापैकी कोणी एल्कच्या मागे जाणार नाही. पण शेतावर फवारलेले विष असो, गुराला टोचलेले औषध असो की नदीत सोडलेले सांडपाणी असो, आपल्या हातून सुटलेली वस्तू लक्ष्यापाशी थांबत नाही. पुढेही ती कोणाच्या तरी पोटात जाते. ती हातातून सोडण्यापूर्वी तिचा पुढला प्रवास पाहणे, एवढेच या तोळाभर शिशाचे शिकवणे आहे.