कपॅसिटर आणि समुद्राची हवा

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचें नांव आपण ऐकलें असेल. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या होत्या. त्यांच्या प्रवाहानें कुलाब्याचीं नाजूक मापनें बिघडतील, म्हणून १९०४ सालीं तें काम अलिबागेस नेण्यांत आलें. उपकरण कितीहि उत्तम असलें तरी भोंवतालच्या परिस्थितीपासून अलिप्त राहत नाहीं, हा त्यांतील बोध. तोच नियम आपल्या रेडिओंतील तांदळाच्या कणीएवढ्या एका वस्तूस लागू पडतो. तिचें नांव सिरॅमिक कपॅसिटर. कारागीर त्यास कंडेन्सर म्हणतात.

धातूच्या दोन पातळ थरांमध्यें वीज वाहूं न देणारा पदार्थ ठेवला कीं विद्युद्भार सांठतो. सांठविण्याच्या या शक्तीस धारकता म्हणतात. येथें मधला पदार्थ चिनी मातीप्रमाणें भाजलेला असतो. थोड्या जागेंत पुष्कळ भार मावावा म्हणून बहुधा बेरियम टायटॅनेट वापरतात. हा पदार्थ गुणी खरा, पण लहरी.

पहिली लहर उष्णतेची. ‘एक्स७आर’ जातीची धारकता उणे ५५ पासून १२५ अंशांपर्यंत शेंकडा १५ हून अधिक बदलत नाहीं. ‘वाय५व्ही’ या स्वस्त जातीची मात्र उणे ३० ते ८५ अंशांतच शेंकडा ८२ पर्यंत घटूं शकते. दुसरी लहर विद्युद्दाबाची. ६.३ व्होल्टपर्यंत चालेल म्हणून विकलेला १० मायक्रोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर ५ व्होल्टवर निम्माहि उरत नाहीं, असें पुष्कळदां घडतें. तिसरी वयाची. दहा तासांपासून शंभर तासांपर्यंत जेवढी घट, जवळजवळ तेवढीच शंभरांपासून हजारांपर्यंत. सुमारें १५० अंशांपर्यंत तापविल्यास त्यास पुनः तारुण्य येतें. परंतु लगेच वय मोजणें नव्यानें सुरू!

आतां समुद्राची हवा. अखंड कपॅसिटर दमटपणास सहसा दाद देत नाहीं. परंतु संच पडला किंवा आंतील पट्टी वांकली, तर त्यास बाहेरून न दिसणारी चीर जाते. मुरुड-श्रीवर्धनाकडे पावसाळ्याचे चार महिने खारट ओलावा घरांत मुक्कामास असतो. तो त्या चिरेंत शिरला कीं वीज झिरपूं लागते, आणि अखेरीस थर एकमेकांस जोडले जाऊन कपॅसिटर जळूंहि शकतो.

यांत एका खेळण्याच्या बिघाडाहून अधिक कांहीं गुंतलें आहे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. विजेचे खांब कोलमडले आणि अनेक गांवें कित्येक दिवस अंधारांत राहिलीं. अशा वेळीं बॅटरीवर चालणारा रेडिओ हाच बाहेरच्या जगाचा आवाज.

म्हणून संच दुरुस्तीस देतांना केवळ छापील आंकडा जुळवूं देऊं नका. जात व दाबहि विचारा. केंद्र लावण्याच्या भागांत ‘सी०जी’ जात असावी. ती भार थोडा सांठविते, परंतु उष्णतेनें, दाबानें वा वयानें फारशी ढळत नाहीं. इतरत्र दाबाची मर्यादा प्रत्यक्षाच्या दुप्पट घ्यावी. पट्टीवर संरक्षक लेप द्यावा आणि संच खिडकीपासून दूर ठेवावा.

वेधशाळा हलवितां आली. किनारा हलवितां येत नाहीं. तेव्हां किनाऱ्यास पुरून उरेल असाच भाग निवडणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.