मुलांच्या रक्तातलं शिसं काय सांगतं?

मूल चिडचिड करतं, पोट दुखतं म्हणतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. तुम्ही मोबाइलला दोष देता, डॉक्टर हिमोग्लोबिन तपासतात आणि जंतांचं औषध देतात. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. नाही सापडलं, तर रक्तातलं शिसंही तपासायला हवं.

(शिसपेन्सिलीवर मात्र संशय घेऊ नका. नाव काहीही असो, तिच्यात ग्राफाइट असतं.)

शिसाचं पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झालं. पण घरात शिरायच्या वाटा अजून आहेत. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून मिसळलेलं लेड क्रोमेट, काही प्रकारचा सुरमा आणि शेंदूर, कल्हईच्या कथिलातली भेसळ, भिंतीवरच्या जुन्या रंगाचे पोपडे, बॅटरीच्या कारखान्यातून बाबांच्या कपड्यांवर येणारी धूळ. यातल्या एकेका गोष्टीतलं शिसं मोजलं, तरी मुलाच्या अंगात किती गेलं हे कळत नाही. ते सांगतं रक्त. शरीरात सापडणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात.

एकाच घरातल्या दोन भावंडांचे आकडेही वेगळे येऊ शकतात. रांगणारं बाळ जमिनीवरचे हात तोंडात घालतं. त्यात लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं आणि लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त.

2020 मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. त्यातली 27 कोटींहून अधिक भारतातली.

5 किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर शिसं कुठून येतंय ते शोधून ती वाट बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण पाचच्या आत आलं म्हणून सुटलो, असंही समजू नका. शिसाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच ठरलेली नाही.

या तपासणीची एक मर्यादा आहे. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, म्हणून आकडा मुख्यतः अलीकडचीच गोष्ट सांगतो. जुनं शिसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे अनेक वर्षं राहतं. गरोदरपणात हाडांतलं कॅल्शियम वापरलं जातं, तेव्हा हेही रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोहोचतं. आईने लहानपणी खाल्लेली धूळ अशी पुढच्या पिढीत जाते.

बाजारातल्या ‘डिटॉक्स’ पुड्यांवर पैसे घालवू नका. शिसं बाहेर काढणारी खरी औषधं फक्त वाढलेल्या पातळीवर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

बोटाच्या थेंबातून तपासणी होणार असेल, तर आधी मुलाचे हात साबणाने स्वच्छ धुवा. त्वचेवरच्या धुळीनेही आकडा फुगतो. जास्त आला, तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करून घ्या. मग घरातली सुटी हळद, सुरमा बाजूला काढा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. आकडा उतरला नाही, तर वाट अजून उघडी आहे. शोध चालू ठेवा.