गुलमंडीत पहिला गिअर

छत्रपती संभाजीनगरच्या (जुन्या औरंगाबादच्या) गुलमंडीत गाडी घालायची तर आधी धीर हवा. पैठण गेटपासून टिळक पथाने सुपारी हनुमानाच्या मंदिरापर्यंतचं अंतर चालत काही मिनिटांचं, पण सणासुदीच्या संध्याकाळी गाडीतून ते संपता संपत नाही. पुढे हातगाडी, शेजारी रिक्षा, मागून दुचाकीचा हॉर्न आणि कुठून तरी अस्सल औरंगाबादी सूर : ‘‘भाई, जरा बाजू लो ना!’’ या गर्दीत स्कोडाची नवी ऑक्टाव्हिया आरएस उभी राहिली, तर फार थोड्या माना वळतील. दिसायला चार दारांची सेडान, मागे ऐसपैस डिकी. समोरच्या जाळीवरचं बोटभर ‘आरएस’ वाचणारा एखादाच. गाडीला शून्यावरून ताशी १०० किलोमीटर गाठायला लागतात ६.४ सेकंद, असं कंपनी सांगते. तेवढ्या वेळात इथे हातगाडीवाल्याची हातगाडी वळूनही होत नाही.

ही नवी आरएस १७ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतात आली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २६५ अश्वशक्ती, ३७० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणि ताशी २५० किलोमीटरवर घातलेला लगाम. तेव्हाची किंमत एक्स-शोरूम ४९ लाख ९९ हजार रुपये. भारतासाठी गाड्या आल्या फक्त १००, आणि त्या किंमत जाहीर होण्याआधीच बुक झाल्या होत्या. किंमत न विचारता गाडी घेणारे शंभर जण देशात सहज निघतात.

दोन दारं नाहीत, इंजिन मागे नाही, मग ही कसली स्पोर्ट्स कार, असं शौकीन म्हणतील. त्यांचं ऐकून घ्यावं. पण ६०० लिटरच्या डिकीत लग्नाचा बस्ता मावतो आणि तरी घाटातल्या वळणावर दोन दारांच्या पुष्कळ गाड्यांची दमछाक होते, म्हणूनच ही जात टिकली. वरून मास्तर, आतून पैलवान.

या शहराशी तिचं नातं जुनं आहे. गुलमंडीपासून जालना रोडने शहराबाहेर पडलं की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. स्कोडाने २००१ मध्ये तिथे कारखाना सुरू केला आणि त्यातून बाहेर पडलेली पहिली गाडी ऑक्टाव्हियाच. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि गाडी इथे जोडली जायची. गाडी अख्खी आणली की आयातशुल्क जबर, सुटे भाग आणून जोडली की कमी. शेंद्र्याचं सगळं गणित या फरकावर उभं राहिलं. पुढे त्याच छपराखाली ऑडीही जोडल्या जाऊ लागल्या. वाळूजला बजाजची दुचाकी आणि तीनचाकी, शेंद्र्याला युरोपची सेडान : शहराच्या दोन टोकांना दोन वेगळ्या जगांची चाकं.

२००४ मध्ये आरएस पहिल्यांदा भारतात आली. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती. युरोपात हीच गाडी १८० अश्वशक्तीची होती. आपल्याकडे पाणी थोडं कमी करून आली. तरीही तेव्हाच्या भारतात पेट्रोल गाडीला टर्बो ही नवलाई होती. २०११ मध्ये लॉरा आरएस आली, म्हणजे दुसऱ्या नावाची ऑक्टाव्हियाच. २०१७ मध्ये आलेली आरएस मात्र भरपेट होती : २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटर, १०० ला ६.८ सेकंद आणि किंमत २४ लाख ६२ हजार. त्या पैशात एवढी ताकद देणारी दुसरी नवी गाडी तेव्हा शोधावी लागत होती.

आणि शहर तरी कसं? ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या व्यापारी-उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. त्या सौद्यात तारा होता बॉनेटवर, सगळ्यांना दिसेल असा. आरएस नेमकी उलट स्वभावाची. तिचा मालक शेजाऱ्याला ‘ऑक्टाव्हियाच आहे’ एवढंच सांगून गप्प बसू शकतो.

आरएस म्हणजे ‘रॅली स्पोर्ट’. ही अक्षरं स्कोडाने १९७४ पासून मिरवली. त्यातली १३० आरएस ही १.३ लिटरची, मागे इंजिन असलेली हलकी गाडी. १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत तिने आपला वर्ग जिंकला आणि १९८१ मध्ये युरोपियन टूरिंग कार स्पर्धेत कंपनीला विजेतेपद मिळवून दिलं. तेव्हा चेकोस्लोव्हाकिया पोलादी पडद्याआड होता, हे लक्षात घेतलं की त्या विजयाची किंमत कळते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर खास तयार केलेली ऑक्टाव्हिया ताशी ३६५ किलोमीटरपर्यंत पळाली, तीही दोन लिटरच्याच इंजिनावर.

नव्या आरएसमधला खरा कारागीर मात्र कुणाला दिसत नाही. तो पुढच्या चाकांच्या मध्ये बसलेला असतो. ही गाडी पुढची चाकं ओढतात. वळणावर वजन बाहेरच्या चाकावर जातं, आतलं चाक हलकं पडतं. दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा साधा डिफरन्शियल भोळा. आतलं चाक जागच्या जागी घसरून फिरू लागलं की बाहेरच्या चाकालाही ताकद मिळेनाशी होते. मग टायर किंचाळतो आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊ बघते. इथे डिफरन्शियलच्या एका बाजूला चकत्यांचा क्लच बसवलेला आहे. संगणकाला घसरण जाणवली की तो चकत्या आवळतो आणि ताकद रस्ता धरून असलेल्या बाहेरच्या चाकाकडे जाते. चालवणाऱ्याला जाणवतं एवढंच, की ॲक्सिलरेटर दाबला आणि नाक बाहेर जाण्याऐवजी आत वळलं.

पण हे अनुभवायचं कुठे? समृद्धी महामार्ग शहराच्या उशाशीच आहे आणि तिथली मर्यादा ताशी १२०. या गाडीच्या निम्म्या ताकदीतही ती ओलांडली जाते, आणि ‘रस्ता मोकळाच तर होता’ ही सबब अपघाताच्या पंचनाम्यात कुणी लिहीत नाही. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ती सगळी ब्रेकच्या चकत्यांना उष्णता होऊन सोसावी लागते. म्हणून असल्या गाडीची जागा ट्रॅकवर. ते ट्रॅक चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला, कोइम्बतूरला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. इतक्या मोटारी घडवणाऱ्या महाराष्ट्रात त्या तोडीचा एकही सार्वजनिक ट्रॅक नाही. ही उणीव खटकते.

दुसरी उणीव शेंद्र्याची. २०२० ची आरएस २४५ अख्खी आयात होऊन आली, ३५ लाख ९९ हजारांना. देशासाठी २०० गाड्या. आताचीही बोटीनेच आली. थोड्या संख्येने आयात केलेल्या गाड्यांना इथल्या लांबलचक चाचण्यांतून सूट मिळते, त्यामुळे शंभर गाड्यांसाठी जोडणीचा खटाटोप कंपनीला परवडत नाही. हिशेब बरोबरच आहे. पण साध्या ऑक्टाव्हियाची इथली जोडणीही २०२३ मध्ये थांबली. शेंद्र्यात आता कोडियाकसारख्या उंच एसयूव्ही जोडल्या जातात.

तेव्हा मन आरएसवर आणि हात आखडता असेल, तर २०१७ ची २३० अश्वशक्तीची आरएस शोधावी. तिच्या डीएसजीचं तेल दर ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं. सर्व्हिसच्या नोंदीत ते बदल दिसले नाहीत, तर रंग कितीही चकचकीत असो, चावी परत द्यावी.