पैनगंगेच्या पाण्यांत मासळीचा वांटा

धरण, कालवा अथवा बंधारा यांचा विचार करितांना हें पाणी किती एकर जमीन भिजवील, एवढेंच कास्तकार मोजतो. पीकपाहणींत सिंचनाच्या साधनाची नोंद होते. मासळीच्या उत्पन्नास तेथें रकाना नाहीं. त्यामुळें मासळी ही भोई मंडळींची बाब असून शेतीवाल्यांचा तिच्याशीं संबंध नाहीं, असा समज रूढ झाला आहे. हा समज आपणांस नुकसानकारक कसा, तें थोडक्यांत सांगतों.

प्रथम माशाची राहणी पाहूं. रोहू, कटला व मृगल हे मोठे मासे सांचलेल्या तळ्यांत सहसा अंडीं घालीत नाहींत. पावसाळ्याचा पूर आला म्हणजे ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात व काठच्या उथळ पाण्यांत अंडीं घालतात. नदीच्या इतर पुष्कळ माशांचीही हीच रीत आहे. उन्हाळ्यांत धार तुटली कीं उरलेले मासे डोहांत आश्रय घेतात, आणि पुढील वर्षाची पैदास त्यांच्यापासूनच होते. म्हणजे मासळीस चार गोष्टी लागतात : पुराच्या वेळीं वाहतें पाणी, वर चढण्यास मोकळी वाट, उन्हाळ्यांत डोह आणि निर्विष पाणी. पिकाप्रमाणें मासा पाणी शोषून घेत नाहीं.

वाट बंद झाल्यास काय होतें, याचें उदाहरण गंगेवर आहे. फराक्का येथील बंधारा १९७५ सालीं सुरू झाल्यावर समुद्रांतून प्रयागपर्यंत चढणारी हिलसा मासळी वरच्या भागांत जवळजवळ नाहींशी झाली. आपल्या पैनगंगेवरही उमरखेडच्या वरच्या अंगास ईसापूरचें धरण आहे, व त्याची भिंत मासा चढूं शकत नाहीं. तथापि धरण मासळीस सर्वस्वीं घातकच असतें असें नाहीं. कालव्याच्या दाराखालीं जो मृत साठा राहतो, तो शेतास मिळत नाहीं. परंतु त्यांत मासा वाढतो. एकाच पाण्याचें हें दुसरें पीक होय. १९५७ सालीं कटक येथें हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोचून कोंडलेल्या पाण्यांत अंडीं घालविण्याची युक्ति साधली. तेव्हांपासून मत्स्यबीज तयार करून बोटुकली जलाशयांत सोडणें सुलभ झालें. कटला वरच्या थरांत, रोहू मधल्या थरांत व मृगल तळाशीं चरतो. त्यामुळें तिघेही एकत्र वाढतात.

खरा वाद उन्हाळ्यांतील डोहाचा आहे. ऊस वाळूं लागला म्हणजे डोहावर पंप बसतात व तळ उघडा पडेपर्यंत उपसा चालतो. त्या शेवटच्या दोन हात पाण्यानें पिकाची एखादी पाळी निघेल. परंतु पैदाशीचे मासे गेले तर ते भरून येण्यास अनेक पावसाळे लागतात. शिवाय डोह आटला कीं गुरांच्या पिण्याची अडचण होते व काठच्या विहिरींचें पाणी खोल जातें. ज्वारी-डाळीवर राहणाऱ्या गरीब घरांतील पौष्टिक अन्न तुटतें, तें वेगळेंच.

मासा हा पाण्याचा पहारेकरीही आहे. कपाशीवर मारण्याचीं सायपरमेथ्रीनसारखीं औषधें अत्यल्प प्रमाणांतही माशास मारक ठरतात. नाल्यांत मासे मरून तरंगूं लागले, तर तेंच पाणी आपलीं गुरें पितात हें ध्यानांत घ्यावें.

यास्तव प्रत्येक गांवानें निदान एक डोह राखून ठेवावा. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वीं काढावे. त्यानें बंधारा सुरक्षित राहतो व माशाची वाटही मोकळी होते. फवारणीचे पंप व औषधाचे डबे नदींत धुऊं नयेत. सुरुंग लावून अथवा विष घालून मासे मारण्यास १८९७ सालच्या कायद्यानेंच मनाई केली होती. असा प्रकार गांवानें चालूं देऊं नये. तसेंच २००५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या पाणी वापर संस्थांनीं पाण्याच्या पाळ्या ठरवितांना मच्छीमार मंडळींसही सभेस बोलवावें, आणि कोणत्या महिन्यांत कोठें किती पाणी राखावें हें त्यांस विचारावें.

शहाणा कास्तकार कितीही ओढ पडली तरी बियाण्याची ज्वारी दळीत नाहीं. डोहांतील शेवटचें पाणी हें नदीचें बियाणें समजावें, एवढीच विनंति आहे.