न बांधलेला पूल

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालेला मनुष्य आळेफाट्यास पोचतो, तोपर्यंत त्याने इंद्रायणी, भामा, भीमा, घोड, मीना आणि कुकडी अशा सहा नद्या ओलांडलेल्या असतात. त्यांतल्या किती पाहिल्या, असे त्याला विचारावे, तर तो बहुधा निरुत्तर होईल. पूल चांगला असला म्हणजे नदी कळत नाही, हा पुलाचा गुणही आहे आणि दोषही. वास्तविक ही सारी पाणी शेवटी एकच होतात. मीना व कुकडी घोड नदीला मिळतात, आणि घोड, भामा, इंद्रायणी या भीमेला. एकाच संसारातून आपण सहा वेळा पलीकडे जातो, आणि मंचरला चहा घेण्यापलीकडे काही लक्षात ठेवीत नाही!

पूल नव्हते तेव्हा लोकांना नदी विसरता येत नसे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई व पुढे पैठणकडे जाई. घाटात पायऱ्या खोदल्या, पाण्याची टाकी खोदली, नागनिकेचा लेख कोरला. परंतु नदी ओलांडावयाची ती उताराच्या जागेवरूनच. उतार म्हणजे जेथे पाणी पसरट व पाय टेकण्याजोगे असते ती जागा. पावसाळ्यात उतार बंद, म्हणजे वाट बंद. जुन्नरच्या भोवती दोनशेच्या वर लेणी आहेत. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहावे, या नियमामागे धर्म होताच. परंतु भरलेल्या नद्यांचाही त्यात वाटा असावा, असे आम्हांस वाटते.

अशा या मुलखात एक पूल मात्र सातवाहनांच्याही पूर्वी तयार होता, आणि तो कोणी बांधलेला नाही. आळेफाट्याहून नगरच्या रस्त्याने पूर्वेस निघावे. बाजारासाठी प्रसिद्ध असलेले बेल्हे मागे पडले की आणे घाटाच्या अंगाला गुळुंचवाडी लागते. तेथे मळगंगा देवीचे देऊळ आहे. देवळाजवळच्या ओढ्यात उतरले म्हणजे काळ्या कातळाचा एक सलग पूल डोक्यावर येतो. खालून ओढा, वरून वाट! चुना नाही, घडीव चिरा नाही, कंत्राटदार तर नाहीच.

हे झाले कसे? आपला सह्याद्री म्हणजे लाव्हारसाच्या थरांची रचना. भाकरीची चवड रचावी तसे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर पसरले. सगळ्या भाकऱ्या सारख्या नाहीत. काही थर घट्ट व अभेद्य, तर काही सच्छिद्र; मधूनमधून तांबड्या मातीचा मऊ पट्टाही सापडतो. लाव्हा निवताना आकसतो व त्याला भेगा पडतात. वरून वाहणाऱ्या ओढ्याचे पाणी अशा भेगेत शिरते, खालच्या मऊ भागात वाट काढते आणि पुढे उतारावर बाहेर पडते. प्रथम ती निव्वळ झिरप असते. पुढे तिची नळी होते, नळीचे भुयार होते, आणि एका पावसाळ्यात सगळा ओढाच वरची वाट सोडून खालून जाऊ लागतो. वरचा घट्ट थर जो उरतो, तोच पूल. नैसर्गिक पूल साधारणतः या रीतीने होतात.

तिरुमलैच्या डोंगरावरचे शिलातोरण आपल्यापैकी पुष्कळांनी यात्रेच्या वेळी पाहिले असेल. तेही निसर्गाचेच, परंतु ती कमान झाली. ज्याच्या खालून पाणी वाहते आणि ज्याला त्या पाण्यानेच घडविले, तो पूल. अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात असा एक मोठा पूल आहे. टॉमस जेफर्सन यांनी 1774 साली तो आसपासच्या जमिनीसकट इंग्लंडच्या राजाकडून वीस शिलिंगांना विकत घेतला. पुढे राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या मनुष्याने दगड पाहण्यासाठी जमीन घ्यावी, याचे आम्हांस कौतुक वाटते. आपल्याकडे अशी जागा दिसली की प्रथम तिच्यावर नाव कोरण्याची इच्छा होते.

मात्र ज्या पाण्याने पूल केला तेच पाणी त्याला खालून पातळ करीत असते. बांधलेल्या पुलाचीही गोष्ट फार निराळी नाही. पुलाचे मरण बहुधा पायाकडून येते. पुराचे पाणी खांबाला अडते, भोवरे धरते आणि बुडाची वाळू-माती उकरून नेते. वरचा रस्ता मात्र शेवटच्या घटकेपर्यंत धडधाकट दिसतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल पुरात गेला, आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह गेल्या. आपल्याच जिल्ह्यात, मावळातील कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील लोखंडी पूल 15 जून 2025 रोजी, रविवारी, कोसळला. तेथे लोक पूल ओलांडावयास नव्हे, तर पुलावरून पाणी पाहावयास जमले होते. चौघे दगावले. गाडी चालली तर तिचा भार पुढे सरकतो. गर्दी मात्र एके जागी, एकाच कठड्याकडे साठते.

म्हणून गुळुंचवाडीस जाणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे की, भर पावसात ओढ्यात उतरू नये, आणि पंचवीस-तीस जणांनी एकदम पुलावर उभे राहून छायाचित्र काढू नये. दिवाळीच्या सुमारास पाणी बेताचे असते. हाताशी दुसरा दिवस असेल, तर तसेच पुढे आणे ओलांडून निघोजला जावे. तेथेही देवी मळगंगाच, आणि कुकडीने त्याच जातीच्या कातळात रांजणखळगे कोरले आहेत. दगडगोटे भोवऱ्यात फिरवून पाण्याने तेथे सरळ खाली भोक पाडले. गुळुंचवाडीस ते आडवे गेले. दोन्ही जागा एकापाठोपाठ पाहिल्या, म्हणजे हा फरक बोट ठेवून दाखविता येतो. मुले बरोबर असली तर त्यांना आधी खळगे दाखवावेत, मग पूल.